कमळाचं भेव काढायची मशीन

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

वहीबाई, रामराम. मला पत्राशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, आणि पत्र म्हटलं की आधी घरादाराची खुशाली पुसावी असं चौथीतल्या गुरुजींनी शिकवलं. तेव्हा मीच पुसतो आणि मीच सांगतो. कमळाची शुगर कशी आहे? आहे तशीच. चहात साखर नको म्हणते आणि बशीत गुळाचा खडा असतो. म्हैस? व्यायला दीड महिना. चैतूचा खोकला? बिडी सुटेल त्या दिवशी सुटेल. दुकानातला वॉल्वचा रेडिओ? सकाळी दोन थापडा दिल्या की बोलतो. माझा गुडघा? सपाटीवर घोडा, शिडी दिसली की लंगडा. आणि मस्कतची आपली मंजुषा? पाय सुजतात, सहावा महिना सरत आला, बाकी ठीक म्हणते.

ती तिकडे दवाखान्यात नर्स आहे, जावई प्रफुलही तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरीणबाईंनी तिला विमानात बसायची मनाई केली. मग मंजूनंच तोड काढली. लेक माहेरी येत नसेल तर माहेरानं उठून लेकीकडे यावं. अठ्ठावीस नोव्हेंबरची दोन तिकिटं काढली. नागपूर, तिथून मुंबई, तिथून समुद्रापार.

फोनवर म्हणाली, "बाबा, आईले एकटीले पाठवू नका. मागच्या टायमाले तिकीट वाया गेलं तुमच्या गुडघ्यानं. या टायमाले बाळ पहिले तुमच्या हाती देईन म्हणते मी."

तिकिटाचं ऐकताच कमळा उठली आणि पदर डोळ्याला लावून गोठ्यात गेली. घाबरली. बेचाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं. कधी झाडावर चढली नाही बाई ती. तिचं भेव काढायला हवं, नाहीतर ऐनवेळी पाय मागे घेईल.

११ सप्टेंबर

तोड सापडली. मोबाईलवर एक माणूस पाहिला. घरात खुर्चीवर बसून विमान चालवतो, कॉम्प्युटरवर. खेळ नाही, हुबेहूब सगळं. तीच घड्याळं, तेच खटके, खाली तीच गावं. लोक शिकायलाही वापरतात म्हणे. ठरवलं, कमळाला घरीच विमानाची सवय लावायची. गोऱ्ह्याला नांगराआधी नुसतं जू दाखवतात, तसं.

मंजूनं ठेवलेल्या लॅपटॉपवर लावून पाहिलं. विमान काही उडेना, एकामागून एक फोटो दाखवल्यासारखं सरकायचं. चैतू म्हणाला, "भाऊ, हे तर लग्नाचा अल्बम पाहून राह्यलो आपण."

मोठी मशीन लागणार. तयार मिळते, पण तयार घेतली तर आत काय आहे ते कसं कळेल? चाळीस वर्षं या चामोर्शीत रेडिओ, टीव्ही, मोटारपंप उघडले, कोणी शिकवलं नाही. ही पेटीही उघडीच घेणार आणि मीच बंद करणार.

२० सप्टेंबर

नागपूरला जाऊन सामान आणलं. जुन्या-नव्याचा मेळ. मदरबोर्ड म्हणजे घराचं जोतं, सगळं त्याच्यावर उभं. प्रोसेसर म्हणजे घरची मालकीण, हुकूम तिचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अंगणात सडा घालून रांगोळी काढणारी सून, सेकंदाला पन्नास रांगोळ्या. एसएमपीएस म्हणजे विहीर, ज्याला जेवढी लागते तेवढी वीज शेंदून देते. दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? म्हटलं, बायकोसाठी. त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी दुहेरी करून दिली.

चैतू सोबत होता. त्याच्याबद्दल लिहायचं राहिलं. मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, गोंड. तिशीत माझ्या दुकानात आला आणि राहिला. मी खाली टीव्ही पाहायचो, तो छपरावर चढून अँटिना फिरवायचा. "आलं का भाऊ?" "नाही आलं." "आता?" तीस वर्षं आमचं हेच बोलणं. एकदा टॉवरवरच्या नोकरीसाठी मला बोलावणं आलं होतं, पगार चांगला होता, पण आपलं दुकान कोण पाहणार म्हणून गेलो नाही.

परतताना बसमध्ये त्यानं विचारलं, "भाऊ, भेव नेमकं कोणाले हाय?"

म्हटलं, बाईला. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

२५ सप्टेंबर

आज जुळणी केली. आधी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली. प्रोसेसर बसवताना श्वास धरला होता, बाळाच्या नखाएवढ्या सोन्याच्या टिकल्या आहेत खाली. वर पांढरी पेस्ट लावली, वर थंड करायचा पंखा आणि त्याचा जाड धातूचा ठोकळा. काय सुरेख तळ आहे त्या ठोकळ्याचा, आरसाच. ओरखडा पडू नये म्हणून कंपनीनं पारदर्शक कागद चिकटवून दिलाय, त्यावर इंग्रजीत बारीक काहीतरी छापलंय, बहुतेक जपून वापरा असंच असेल. जपूनच बसवला.

नवी वस्तू टिकते ती अशानंच. फ्रिजच्या दारावरचा कागद सात वर्षांचा झाला, टीव्हीचा रिमोट पिशवीतून काढलेला नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या अजून प्लास्टिकच्या पन्नीत आहेत. मंजू हसते. म्हणते, "बाबा, जावई पन्नीतून काढला हे नशीब."

कमळानं पेटीला हळदीकुंकू लावलं. नारळ मी अंगणात फोडला. पाण्याचा आणि विजेचा भरवसा नाही.

२ ऑक्टोबर

चार दिवस खेळ उतरत होता. आपल्या इंटरनेटची धार म्हणजे आटत्या म्हशीची. आज दुपारी उडालो. जमिनीवरून उठायची कटकट नको म्हणून सरळ वैनगंगेवर, हवेतच सुरुवात केली.

वहीबाई, काय सांगू. आपली नदी एवढी वळणाची आहे हे जन्मभर तिच्याकाठी राहून मला माहीत नव्हतं. मार्कंड्याजवळ ती उत्तरेला कशी वळते, ते देवळातले सांगतात, मी वरून पाहिलं. तळी आणि शेतातल्या पाण्याच्या बोड्या म्हणजे कोणीतरी आरशाचे तुकडे फेकून दिलेत. पलीकडे जंगल, संपतच नाही. इंटरनेट मंद, म्हणून जवळची जमीन शेणानं सारवल्यासारखी दिसते आणि दूरची स्वच्छ. आपलं घर शोधलं. बाजाराच्या जागेपर्यंत पोचलो, घर काही सापडलं नाही.

टेबल थोडं हलत होतं, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरलं. चैतूनं टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, पाय तर पक्के आहेत.

कमळाला बोलावलं. ती पीठ मळत होती. "तुम्ही पाहून घ्या आधी," म्हणाली. टाळते बिचारी.

९ ऑक्टोबर

विमानाला पायाखाली दोन पाट्या लागतात, शेपूट वळवायला. बाजारात मिळतात, पण आमच्याकडे कमळाची शिलाई मशीन आहे. खालच्या पाटीला रेडिओची खुंटी जोडली आणि तारा स्वस्तातल्या एका जॉयस्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांडीच्या, पोटात नेल्या. वेगासाठीही आवाजाचीच खुंटी लावली. पण ती लबाड निघाली. अर्धी फिरवली तरी विमान जागचं हलेना, जरा पुढे गेली की एकदम सुसाट. मग आठवलं, आवाजाची खुंटी कानाच्या हिशोबानं बनवतात, सारखी वाढत नाही. जुन्या खोक्यातून दुसरी, सरळ वाढणारी शोधून लावली. आता विमान ऐकतं.

कमळा म्हणाली, "माह्या पाटीले तार बांधली न जी तुम्ही, आता माहे ब्लाऊज पायलटनंच शिवून द्यावे."

१८ ऑक्टोबर

म्हशीला वगार झाली. चीक खाल्ला. पण इथे एक अडलंय.

विमान उडतं, वळतं, नागपूरच्या धावपट्टीकडे तोंडही करतं. पण बाराव्या मिनिटाला पडदा काळा. पेटीच बंद. आज सात वेळा उडालो, सात वेळा धावपट्टी समोर दिसत असताना अंधार. एकदाही खाली पोचलो नाही.

एसएमपीएस बदलून पाहिला. स्टॅबिलायझर लावला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापाचा आकडा येतो, तो शंभराला टेकतो आणि मग बंद. पण हा आकडा खोटा आहे. मी ठोकळ्याला हात लावून पाहिला, गार. मेकॅनिकचा हात खोटं बोलत नाही. हातानं ओळखून मी किती ट्रान्सफॉर्मर जळता वाचवलेत.

२६ ऑक्टोबर

उतरणं नाहीच. अंधार होतो तेव्हा माझे दोन्ही हात टेबलाला असतात. हे कमळाला दाखवलं तर ती जन्मात विमानात बसायची नाही. पेटी झाकून ठेवली.

५ नोव्हेंबर

शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. आम्ही नाटकासाठी गेलो होतो. आकाशपाळणा आला होता. कमळा म्हणाली, बसायचं. मी म्हटलं, गुडघा. ती चैतूच्या बायकोला, बुधरीला, घेऊन बसली. मी खाली चपला, पिशव्या आणि जिलबी सांभाळत उभा.

वर गेली की दोघी हात सोडून ओरडायच्या. तीन फेऱ्या झाल्या, पाळणेवाल्याला चौथी मागितली. उतरल्यावर कमळाला हसू आवरेना.

घरी येऊन विचार केला. इतकं हसणं बरं नाही. काही लोकांना भेव वाटलं की हसू येतं, ती त्यातली आहे.

१४ नोव्हेंबर

दोन आठवडे राहिले. गुडघा सुजलाय. बाहेरून दिसत नाही, आत आहे सूज. मंजूला निरोप लिहून ठेवलाय मोबाईलवर, अजून पाठवला नाही. तुझी आई येईल, मुंबईत प्रफुलच्या मित्रानं तिला दुसऱ्या विमानात बसवून द्यावं, म्हातारा माणूस अवघडलेल्या घरात अडचणच, बाळ मोठं झालं की मी निवांत येईन.

चारदा वाचला. लिहिलंय बरोबर.

१५ नोव्हेंबर

सकाळी कमळा मेथीचे लाडू बांधत होती, मंजूसाठी. माझा मोबाईल तिच्या बाजूला पाटावर होता. चष्मा लावून तिनं तो निरोप वाचला. वाचून मोबाईल परत ठेवला, हात धुतले आणि पेटीवरची चादर काढली.

"चालू करा."

म्हटलं, बाराव्या मिनिटाला बंद पडते. ती म्हणाली, पडू द्या. स्टूल घेऊन शेजारी बसली. मी उडालो. तिनं पेटीचं झाकण उघडायला लावलं, आकडा काय म्हणतो ते विचारलं. नव्वद. मग तिनं तो ठोकळा चुलीवरच्या भांड्याला लावावा तसा बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपला.

"काऊन जी, हे तर गार हाय."

मी म्हटलं, तेच तर! आकडा खोटा आहे.

"आकडा काऊन खोटा बोलन? त्याले का मिळते खोटं बोलून?" ती म्हणाली. "तव्याखाली जाळ हाय अन् तवा गार, म्हणजे मधात काही तरी आलं. उघडा."

मी पेच काढले. ठोकळा उचलला. आरशासारख्या तळावर तो कागद, कडा करपलेल्या, मध्ये पेस्ट वाळून चिकटलेली. चष्मा पुसून ती बारीक अक्षरं नीट वाचली. बसवण्याआधी हे काढावे, असं होतं.

कमळानं नखानं कोपरा उचलला आणि एका ओढीत कागद सोलून टाकला. मी अडवायला हात पुढे केला, इतकी नवी वस्तू. कागद तिनं चुलीत टाकला नाही, माझ्या हातात दिला.

"तुमच्यावानीच हाय हे. वरून गारेगार."

तिला मशीनीतलं काय कळतं, पण बोलली गमतीचं. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही नसान येत तर मी एकटी जाईन. मुंबईत पुसत पुसत जाईन, मले तोंड हाय. पण मंजूले हे मोबाईलवर नका सांगू. तिच्या तोंडावर सांगा, चित्र दिसते त्या फोनवर, तिच्याकडे पाहून सांगा का बाबा येत नाई म्हणून."

मग ती लाडवांकडे गेली. मी नवी पेस्ट लावून पेटी जोडली. ताप बासष्टावर थांबला. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली, तीस झाली. बंद पडली नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. मंजूनं पोटावर ठेवलेली बशी दाखवली, बाळ लाथ मारतं की ती हलते. पाहत राहिलो. सांगायचं ते राहून गेलं.

२१ नोव्हेंबर

रोज दुपारी उतरायचा सराव. मी दांडी धरतो, कमळा शेजारी बसून उंचीचा आकडा वाचते, तांदूळ निवडता निवडता. "हजार. आठशे. पाचशे. जी, तुम्ही डोळे मिटून राह्यले." डोळ्यात कोंडा गेला होता.

पहिल्या दिवशी धावपट्टीच्या बाजूच्या शेतात उतरलो. दुसऱ्या दिवशी इतका उसळलो की कमळाचं सूप हललं. आज बरोबर उतरलो. चाकं टेकली, पुढचं नाक खाली आलं आणि विमान आपल्या पायानं थांबलं. मी खुर्चीतच बसून राहिलो. ती म्हणाली, "उतरते मंग. मले वाटलं वरतीच राह्यते की का."

मोबाईलवरचा तो निरोप पुसून टाकला. जागा अडवून बसला होता.

२८ नोव्हेंबर, विमानात

वळणदार अक्षराची अपेक्षा करू नको, वहीबाई. मुंबईपर्यंतचं एक झालं, हे दुसरं. मी मधल्या वाटेकडची जागा घेतली, गुडघ्यासाठी. कमळा खिडकीत. सुटण्याआधी चैतूचा फोन आला होता. नुसतं "आलं का भाऊ?" म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही.

धावायला लागलं तेव्हा मला सगळं ओळखीचं वाटलं. आवाजाची खुंटी कुठवर फिरवली असेल ते कळत होतं. शेपूट कधी वळवलं तेही. फक्त घरची खुर्ची जागची हलत नव्हती, ही हलते. उठताना कमळाला भेव वाटेल म्हणून मी तिचा हात धरला. ती खाली पाहत होती. म्हणाली, "हे पाहा जी, दिवे. जशी कोणी लाही सांडली."

मी नंतर पाहीन म्हटलं.

समुद्रावर आल्यावर प्यायला पाणी आलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आता सोडा. मले गिलास धरू द्या." सोडला. तिच्या मनगटावर तिच्याच बांगड्यांचे चार लाल वळ उठले होते, चामडी सोलायची बाकी. मी म्हटलं, आधी का नाही बोललीस?

"अडीच-तीन तासाचं तं हाय सारं," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

हे उतरल्यावर लिहितोय. उतरताना मीच आकडे म्हटले, मनात. हजार. आठशे. पाचशे. डोळे उघडे होते. शेवटी तिच्या खांद्यावरून वाकून खिडकीबाहेरही पाहिलं, एकदा. धावपट्टी होती, जिथे असायला हवी तिथेच.

१९ डिसेंबर, मस्कत

तेरा तारखेला मुलगी झाली. मंजूनं बोलल्याप्रमाणे आधी माझ्या हाती दिली. वजन रेडिओएवढं, आवाजही. आणखी काही लिहीन म्हणून चार दिवस वही उघडून बसतोय, जमत नाही.

आज चैतूला पत्र पाठवलं. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"चैतू, तुमच्या रीतीचा जय सेवा. इथे सगळे खुशाल. तुझा खोकला, बुधरी, म्हैस, वगार, सगळ्यांचं वेगळं वेगळं कळव. पेटी आठवड्यातून एकदा लाव, नुसती ठेवलीस तर उंदीर तारा खातील. तू एकदा घरूनच उडून पाहा. आपलं छप्पर सापडलं तर सांग, मला अजून सापडलं नाही. फ्रिजवरचा कागद तेवढा काढून टाक, कमळानं सांगितलंय. मी सांगितलं नाही, पण काढ.

आता एक गोष्ट. फोनवर पुसत नाही, इथे फोन सगळ्यांना ऐकू येतो. तीस वर्षं तू छपरावर चढलास आणि मी खाली टीव्हीसमोर राहिलो. आलं का, नाही आलं, याच्यापुढे आपण बोललो नाही. तुला वर कधी भेव वाटलं का रे? वाटलं असेल तर तू काय करत होतास, खाली पाहायचास की नाही? परतीचं तिकीट तीस जानेवारीचं आहे, त्याआधी कळायला हवं. कमळासाठी पुसतो असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसेलच. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. इकडे पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागतात म्हणतात, तेव्हा बिडी विझव आणि हे वाचून होताच उत्तर लिहायला बस."